ब्राउझर नावाचा अडत्या

वेबच्या तांत्रिक परिभाषेत ब्राउझरला ‘यूजर एजंट’ म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याच्या वतीने काम करणारा. मराठीत त्याला अडत्या म्हणायला हरकत नाही. शेतकऱ्याने भरवशावर माल त्याच्याकडे टाकायचा आणि पुढचा व्यवहार त्याने बघायचा. पण अडत्याची रोजची ऊठबस असते व्यापाऱ्यांत. ब्राउझरचेही तसेच आहे. पत्ता टाइप केला की तो वेबसाइटकडे पान मागतो, आलेले पान मांडून दाखवतो, आणि या ये-जा करण्यात वापरणाऱ्याची कोणती माहिती समोरच्याच्या हाती द्यायची हेही बरेचसे तोच ठरवतो. एवढा कारभार ज्याच्या हाती, तो सहसा कोणी निवडलेला नसतो. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा क्रोम आधीच बसवलेला असतो, आयफोनमध्ये सफारी, विंडोजच्या संगणकात एज.

माहिती बाहेर जाण्याची सर्वांत जुनी वाट म्हणजे कुकी. वेबला मुळात स्मरणशक्ती नाही. एकाच माणसाने एका साइटवरची दहा पाने उघडली, तरी सर्व्हरच्या लेखी ती दहा अनोळखी माणसे. अशाने ऑनलाइन दुकानातली टोपली पुढच्या पानावर रिकामीच दिसणार. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली याने यावर तोड काढली: साइटने ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला द्यायची आणि ब्राउझरने दर खेपेला ती परत दाखवायची. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तशी. बिल्ल्यावर नुसता आकडा असतो. कोणत्या आकड्याच्या चपला कोणत्या, हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक. इथवर तक्रारीला जागा नाही. लॉगिन टिकते ते बहुतेक ठिकाणी कुकीमुळेच.

घोळ पुढे झाला. बातमीच्या पानावरची बातमी एका सर्व्हरवरून येते, पण शेजारची जाहिरात, मधला व्हिडिओ, खालचे ‘लाइक’चे बटण दुसऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरवरून येते, आणि त्या कंपन्यांनाही आपापली कुकी ठेवता येते. हीच ‘थर्ड पार्टी’ कुकी. गावातल्या सगळ्या देवळांबाहेर चपला सांभाळणारा माणूस एकच असेल आणि त्याचा एकच बिल्ला सगळीकडे चालत असेल, तर सोमवारी शंकराला कोण गेले, मंगळवारी गणपतीला कोण, हे त्याला कोणाला न विचारता कळेल. दुपारी एका दुकानाच्या साइटवर पाच लिटरचा कुकर पाहिला आणि रात्री क्रिकेटच्या स्कोअरशेजारी तोच कुकर दिसला, की फोन चोरून ऐकतो असा संशय अनेकांना येतो. तेवढ्यासाठी ऐकण्याची गरजच नसते, बिल्ला पुरतो.

हा बिल्ला अडवायचा की चालू द्यायचा, यावर ब्राउझरांची खरी पारख होते. अ‍ॅपलच्या सफारीने २०१७ पासून त्याला लगाम घालायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये तो पूर्ण बंद केला. मोझिलाच्या फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कुकी सर्वांसाठी आपोआप अडवल्या, आणि २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवल्या, म्हणजे एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या देवळात चालेनासा झाला. गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की क्रोममधूनही दोन वर्षांत या कुकी जातील. मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच मागे घेण्यात आला. क्रोममध्ये त्या बंद करण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे; मात्र ती स्वतः जाऊन शोधावी लागते.

फरकाचे कारण तंत्रज्ञानात नाही, गल्ल्यात आहे. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींतून येतो. अ‍ॅपल मुख्यतः उपकरणे विकते, त्यामुळे तिला माग काढणे बंद करणे परवडते. पण धुतल्या तांदळासारखे इथे कोणीच नाही. सफारीत गूगलचा शोध आधीपासून लावलेला असावा यासाठी गूगलने एकट्या २०२२ साली अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात उघड झाले, आणि मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही गूगलकडूनच येते.

दुकानात नावे पुष्कळ दिसली तरी पान मांडणाऱ्या मूळ यंत्रणेची घराणी तीनच आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि सॅमसंग इंटरनेट हे सगळे क्रोमियमवर उभे आहेत. सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्स गेकोवर चालतो. सामान्य वापरासाठी फायरफॉक्स आणि त्यावर ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती व माग काढणारे कोड अडवणारे एक्स्टेंशन, ही जोडी सर्वांत भरवशाची. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यावर यूब्लॉक ओरिजिनचे मूळ रूप तिथे चालेनासे झाले. फायरफॉक्समध्ये ते चालते, अगदी अँड्रॉइड फोनवरही. काहीही न बसवता अडवणूक हवी असेल तर ब्रेव्ह आहे. मात्र वापरणाऱ्याने टाइप केलेल्या काही पत्त्यांना तो स्वतःच्या कमिशनचा कोड जोडत असल्याचे २०२० मध्ये उघड झाले आणि कंपनीला माफी मागून ते थांबवावे लागले. अडत्याची सवय सहज जात नाही. टॉर ब्राउझर प्रत्येक विनंती तीन टप्प्यांच्या संगणकांतून फिरवून पाठवतो. पत्रकारांना आणि दडपशाहीच्या छायेत राहणाऱ्यांना तो मोलाचा आहे, पण वीजबिल भरायला किंवा बँकेसाठी अकारण संथ.

फुकट आणि हलका म्हणून कोणताही ब्राउझर घेण्याचा अनुभव भारताने घेतला आहे. स्वस्त फोन आणि मंद नेटच्या काळात यूसी ब्राउझर इथे घरोघरी होता. त्यातून वापरणाऱ्याची माहिती पुरेशा एन्क्रिप्शनशिवाय बाहेर जात असल्याचे टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवले होते. त्यावर बंदी आली ती जून २०२० मध्ये, इतर ५८ चिनी अ‍ॅपसोबत, आणि तीही सीमेवरील तणावानंतर.

इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट खिडकीबद्दल जेवढा गैरसमज आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असेल. ती बंद केली की त्या यंत्रावरची हिस्टरी आणि कुकी पुसल्या जातात, बस. वेबसाइटला, ऑफिसच्या नेटवर्कला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला जे दिसायचे ते दिसतेच. इन्कॉग्निटोतही माग काढला गेल्याचा दावा करणारा खटला गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दाखल झाला. २०२४ मधील तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. ही खिडकी घरातल्या माणसापासून वाढदिवसाची भेट लपवण्यापुरती उत्तम.

कुकी पुसली तरी ठसा उरतो. पडद्याचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, टाइम झोन, बसवलेले फाँट, पसंतीची भाषा यांतली एकेक गोष्ट किरकोळ, पण एकत्र केल्या की हजारोंतून एक यंत्र ओळखू येते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत दर शंभरातले सुमारे ८४ ब्राउझर असे एकमेवाद्वितीय निघाले. पसंतीची भाषा तर ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर आपण होऊन सांगतो. पुण्यात ‘मराठी’ ही निवड गर्दीत मिसळून जाते. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या गावात तीच निवड घराबाहेरच्या आकाशकंदिलासारखी लांबून उठून दिसते. गंमत अशी, की खासगीपणासाठी दहा एक्स्टेंशन चढवली तर ठसा आणखी वेगळा होतो.

एक्स्टेंशनचा धोका तेवढाच नाही. बसवताना ‘सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली जाते आणि ती न वाचता दिली जाते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेंशन २०२० मध्ये मूळ कर्त्याने अज्ञात मालकाला विकले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोडमुळे गूगलला ते काढून टाकावे लागले. बहुतेक वापरणाऱ्यांना मालक बदलल्याचा पत्ताही नव्हता. संरक्षणाच्या नावाखाली एक्स्टेंशन आणि अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट कंपनीला लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. एक्स्टेंशन दोन-तीनच ठेवावीत आणि अधूनमधून यादी उघडून न लागणारी काढावीत.

पत्त्याशेजारचे कुलूपही नीट समजून घ्यायला हवे. वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेला सज्जन आहे असे नाही. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे हे कुलूप फुकट मिळते, म्हणून वीजबिलाची बनावट साइटही ते मिरवते. हा गैरसमज पाहूनच क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढले. नेटची ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्या व्हीपीएनचेही असेच. इंटरनेट कंपनीपासून लपवलेले सगळे व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. विश्वास एका खिशातून दुसऱ्यात जातो. शिवाय ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवाव्यात असा आदेश केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिने एप्रिल २०२२ मध्ये काढल्यावर अनेक परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले.

ब्राउझर बदलूनही गूगल खात्यात दिवसभर लॉगिन राहिले, तर शोधाची वही त्याच नावावर भरत राहते. अशी वही काय सांगते हे ऑगस्ट २००६ मध्ये दिसले. अमेरिकेतील एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांचे शोध, नावे काढून फक्त क्रमांक ठेवून, संशोधनासाठी खुले केले. नुसत्या शोधशब्दांवरून न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी एका वयस्कर महिलेचे घर गाठले. शोध आणि खाते वेगळे ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे मेल व बँकेसाठी एक ब्राउझर, बाकी भटकंतीसाठी दुसरा, आणि त्या दुसऱ्यात डकडकगोसारखे शोधयंत्र. भटकंतीत ‘कुकी स्वीकारा’ अशी पाटी आली तर नकाराचे बटण बहुधा एक पायरी आत दडवलेले असते. ते शोधायला चार सेकंद लागतात. नकार अवघड ठेवल्याबद्दल फ्रान्सने गूगलला १५ कोटी युरोंचा दंड केला होता.

महाराष्ट्रात अनेकांचा संगणकाशी संबंध अजून सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानातच येतो, आणि तिथे वरचे सगळे दुय्यम ठरते. फॉर्म भरायला आलेला माणूस मेल उघडतो, आधारची पीडीएफ डाउनलोड करतो, प्रिंट घेतो, पैसे देतो आणि निघतो. मेल उघडाच राहतो, ‘पासवर्ड सेव्ह करू का’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटलेले असते, व्हॉट्सअ‍ॅप वेब जोडलेले राहते. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. टेबलावर पडलेल्या प्रिंटवरून तो कोणालाही जुळवता येतो. अशा ठिकाणी प्रायव्हेट खिडकीचा खरा उपयोग आहे, कारण ती बंद केली की लॉगिन सुटते. पण डाउनलोड झालेली फाइल ती पुसत नाही. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार काढावे, आणि उठण्यापूर्वी डाउनलोड्सचा फोल्डर उघडून फाइल शिफ्ट दाबून डिलीट करावी; नुसते डिलीट केले तर ती रीसायकल बिनमध्ये पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसते.