पाण्याविना शिदोरी

मे-जून महिन्यांत दिल्लीच्या काश्मिरी गेट बसस्थानकावर संध्याकाळी गेल्यास, पाठीवर उंच पिशव्या बांधलेली तरुण मंडळी गढवाल व हिमाचलकडे जाणाऱ्या गाड्यांची वाट पाहताना दिसतात. गाडीरस्ता संपला की पुढील पाच-सहा दिवसांची शिदोरी त्यांना पाठीवरूनच न्यावी लागते. दिवसभर चढण चढणाऱ्या मनुष्यास रोज ३,००० ते ४,००० कॅलरी अन्न लागते. ते शिजवून न्यावयाचे म्हटले तर त्याचे वजन रोजी दोन-अडीच किलोग्रॅम भरेल; कारण शिजलेल्या भातात जवळजवळ दोन-तृतीयांश भाग निव्वळ पाण्याचाच असतो.

हे पाणी काढून टाकण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे ऊन. परंतु उन्हात अथवा गरम हवेत वाळविलेल्या भाजीतील पाणी द्रवरूपात पृष्ठभागाकडे सरकते व जाताना क्षार आणि शर्करा आपल्याबरोबर वाहून नेते. त्यामुळे तुकडा आक्रसतो, त्यावर कठीण कवच धरते आणि पुढे कितीही भिजविला तरी तो पूर्ववत होत नाही.

पाण्यास द्रवरूप होऊच दिले नाही तर? लडाखच्या हिवाळ्यात दोरीवर टाकलेले ओले कापड फळीसारखे गोठते आणि तसेच गोठलेले असतानाच हळूहळू वाळते. बर्फ वितळल्यावाचून थेट वाफ होऊन निघून जातो. कपाटातील डांबराच्या गोळ्या झिजतात त्याच रीतीने. या क्रियेस संप्लवन म्हणतात. हवेतील बाष्पाचा दाब ४.६ मिलिमीटर पाऱ्याहून कमी राहिला तरच बर्फाचे असे संप्लवन घडू शकते. अँडीज पर्वतातील लोक रात्रीच्या थंडीत गोठविलेले बटाटे पायांनी तुडवून व उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकवीत आले आहेत. त्यांची रीत याच मार्गावरील एक पायरी होय.

आधुनिक कारखान्यात शिजविलेला पदार्थ तबकांत पातळ पसरून शून्याखाली ३०-४० अंशांपर्यंत गोठवितात व निर्वात कोठीत ठेवतात. मग तबकांना बेताने उष्णता देतात. ही उष्णता बर्फ वितळविण्यात नव्हे, तर त्याची वाफ करण्यात खर्ची पडते आणि ती वाफ कोठीतील अतिथंड नळ्यांवर पुन्हा बर्फ होऊन बसते. बर्फाची सीमा तुकड्याच्या पृष्ठभागापासून आत आत सरकत जाते. जेथे बर्फाचा कण होता तेथे पोकळी राहते; म्हणून वाटाणा वाटाण्याएवढाच राहतो, पण स्पंजासारखा सच्छिद्र व हलका होतो. या क्रियेस शीतशुष्कन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव टिकविण्यासाठी तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील ॲबर्डीन येथे अन्नासाठी तिचा वेग वाढविण्याचे प्रयोग यशस्वी झाले.

भारतात या विषयाची निकड प्रथम सैन्यास भासली. १९६१ साली म्हैसूर येथे संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. ज्या संघटनेची ती प्रयोगशाळा, तिचे मुख्यालय दिल्लीत आहे. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठी भारतीय खाद्यपदार्थ याच प्रयोगशाळेने तयार केले होते. गिर्यारोहणातील ओझ्याचा प्रश्न किती बिकट असतो याची कल्पना १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेवरून येते. दिल्लीतील भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या विद्यमाने व एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या या मोहिमेचे नऊ जण शिखरावर पोहोचले. परंतु सामान होते सुमारे २५ टन आणि ते वाहण्यास लागले सुमारे ८०० हमाल. हमालासही जेवावे लागते, म्हणजे शिध्यासाठी आणखी शिधा आलाच.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शीतशुष्क अन्न कच्च्या तांदूळ-डाळीहून फारसे हलके नसते. तांदळात मुळातच शेकडा १२-१३ भाग पाणी असते. ते सारे काढले तरी वजनात कितीसा फरक पडणार? खरी बचत होते ती शिजविण्यात. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते. त्यात तुरीची डाळ उघड्या भांड्यात तासभर शिजविली तरी दाणा कच्चाच राहतो, इंधन मात्र संपत जाते.

शीतशुष्क जेवण आधीच शिजलेले असल्याने त्यास केवळ उकळते पाणी हवे. तेही फुकट मिळत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक कॅलरी लागते (ही आहारशास्त्रातील कॅलरी, पोटाचा व चुलीचा हिशेब एकाच मापाने करता येतो). उणे १० अंशांचा एक किलोग्रॅम बर्फ शून्यावर आणण्यास ५, वितळविण्यास ८० आणि ८५ अंशांपर्यंत तापविण्यास ८५, अशा एकूण १७० कॅलरी लागतात. निम्म्याजवळ खर्च बर्फ वितळविण्यापायीच! एका जेवणास ३०० ग्रॅम पाणी धरल्यास ५१ कॅलरी झाल्या. एक ग्रॅम गॅसपासून सुमारे ११ कॅलरी मिळतात. त्यातील अर्धी उष्णता वाऱ्यावर गेली असे मानले तरी ९-१० ग्रॅम गॅस पुरतो. वाटेत झरा असला तर याहूनही कमी.

एवढ्यासाठी किंमत मात्र साध्या शिध्याच्या कित्येक पट मोजावी लागते, कारण गोठविणे, निर्वात करणे व वाफ पुन्हा थिजविणे या तिन्ही कामांस वीज जळते. म्हणून भाजी, मांस व फळे या रीतीने वाळविलेली घ्यावीत; पोहे, सातू, मेतकूट हे पदार्थ आपल्या पूर्वजांनी शिजविण्याच्या वा भाजण्याच्या कटकटीतून केव्हाच मोकळे केले आहेत आणि त्यांस निर्वात कोठीची गरज नाही.

शीतशुष्कनाने जंतू मरत नाहीत, केवळ निद्रिस्त होतात; म्हणून पाणी खरोखर उकळलेले असावे. सच्छिद्र तुकड्यांत प्राणवायू सहज शिरतो व स्निग्धांश खवट होतो. यासाठी पाकिटात नत्रवायू भरतात आणि ते पाकीट ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे अस्तर लावून करतात. दिल्लीच्या श्रावणातील दमट हवेत फोडलेले पाकीट त्याच दिवशी संपवावे. पाणी ओतल्यावर तळापर्यंत ढवळून, तोंड मिटून, पाकीट गरम कपड्यात गुंडाळावे; उंचावर पाणी मुळातच कमी तापलेले असल्याने छापील वेळेहून पाच-सात मिनिटे अधिक थांबावे लागते. भुकेलेला मनुष्य बहुधा तेवढे थांबत नाही आणि मधले वाटाणे दाताखाली कडकड वाजतात.