झोपाळ्याचं गणित

"आई, तुला नाही कळायचं ते!"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या माझ्या लेकीनं ओटीवरच्या झोपाळ्यासमोर तारांचा पसारा मांडला. "शॉक नाही ना बसणार?" एवढंच मी विचारलं, तर हे उत्तर! दहावीनंतर माझं सायन्स सुटलं ते सुटलंच. मुकाट्यानं आत गेले.

थोड्या वेळानं बाहेरून चिडचिड ऐकू आली. झोपाळ्यावर आजी बसल्या होत्या आणि लॅपटॉपवरचे आकडे वेड्यासारखे उड्या मारत होते. "आवाज जाऊन परतच येत नाहीये नीट," लेक म्हणाली.

आवाज? मग मला सुचलं. रंग द्यायला खोली रिकामी केली की घुमते. गाद्या-पांघरुणं परत आणली की घुमणं थांबतं. "अगं, आजींचं मऊ लुगडं आवाज पिऊन टाकत असेल. त्यात चुण्या. समोर काहीतरी सपाट, कडक बांध." तिचंच परीक्षेचं पॅड झोपाळ्याच्या कडेला उभं बांधलं आणि आकडे ताळ्यावर आले!

मग बाईसाहेबांनी मला शेजारी बसवून सगळं समजावलं. तो तळहाताएवढा बोर्ड म्हणजे आर्डुइनो. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला. मोबाइलच्या साध्या चार्जरसारखा ५ व्होल्टवर चालतो, म्हणून शॉकची भीती नाही. त्याला जोडलेल्या सेन्सरला दोन डोळे दिसतात, पण त्यातलं एक तोंड आणि एक कान! तोंड सेकंदाला ४०,००० कंपनांचा आवाज सोडतं. आपल्याला २०,००० च्या वरचं ऐकूच येत नाही. वटवाघळांना येतं, तीही अशीच अंधारात वाट काढतात. कान परतलेला आवाज टिपतो.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. एक मीटरवर आपटून परत यायला त्याला जेमतेम ५.८ मिलिसेकंद लागतात. हा वेळ जाऊन-येऊनचा, म्हणून निम्मा करायचा, की अंतर कळतं. सेकंदातून दहादा अंतर मोजायचं. दोन अंतरांतला फरक भागिले मधला वेळ, हा झाला वेग. शाळेतलंच की हे!

पडद्यावर लाटेसारखी रेघ उमटली. साधारण दोन मीटर साखळीचा आमचा झोपाळा, त्याच्या एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे २.८ सेकंद. आजींच्या जागी शेजारची चिमुरडी बसवली, तरी जवळपास तेवढेच! वजनाचा संबंध नाही, साखळीच्या लांबीचा आहे. आजी म्हणाल्या, "म्हणजे मी जाड झाले तरी चालेल!"

मैत्रिणींनो, हा सेन्सर शंभरेक रुपयांत मिळतो. मुलांनी मागितला तर 'खेळणं' म्हणून टाळू नका, आणि आणून दिलात तर स्वयंपाकघरात निघूनही जाऊ नका. शेजारी बसा. त्यांचं कुठंतरी अडतंच, आणि तिथं घर चालवताना आपण जे पाहिलेलं असतं, ते उपयोगी पडतं.

परवा लेकीनं पुन्हा पसारा मांडला. या वेळी हाक आली, "आई, जरा येतेस का? आकडे बघ ना!"

गॅस बंद करून गेले.