अजिंठ्याच्या भिंतीवरचा बोकडदाढीवाला

अजिंठा पाहून आलेल्या माणसाला विचारा, काय पाहिले? तो पहिल्या लेण्यातील पद्मपाणी सांगेल, सव्विसाव्या लेण्यातील तथागतांचे महापरिनिर्वाण सांगेल. ते बरोबरच आहे. पण त्याच लेण्यांत पोट धरून हसवणारी माणसेही आहेत, हे सांगणारे थोडे. घरात पोरगा वहीच्या मागच्या पानावर गुरुजींचे चित्र काढतो म्हणून त्याच्या पाठीत धपाटा बसतो. त्या पोराची खरी शाळा आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, फर्दापूरच्या डोंगरात आहे, असे आम्हाला वाटते.

१७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवले आहे. आपल्या विहारांतून ही कथा सांगितली जाते. दानशूर राजपुत्र विश्वंतर राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकतो, लोक चिडतात, त्याला बायकोमुलांसह वनात जावे लागते. इकडे जूजक नावाच्या म्हाताऱ्या ब्राह्मणाची तरुण बायको पाणवठ्यावर बायकांची बोलणी खाऊन येते आणि हट्ट धरते की, घरकामाला दास-दासी आणा. जूजक वनात जातो आणि राजपुत्राची दोन लहान लेकरे, जाली आणि कृष्णाजिना, मागून घेतो. पुढे आजोबा राजा धन मोजून नातवंडे सोडवतो.

आता चित्रकाराची अडचण पाहा. भिंतीवर माणसांची गर्दी आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या यात्रेकरूलाही क्षणात कळले पाहिजे की, लेकरांवर किंमत लावणारा तो हाच. म्हणून त्याने जूजकाला बोकडासारखी विरळ दाढी दिली, पोपटाच्या चोचीसारखे नाक दिले आणि धन पाहून आ वासलेल्या तोंडात मोजकेच तुटके दात ठेवले. भोवतालची माणसे घाटदार, शांत. मधेच हा एक वाकडा. बोकड, पोपट आणि हाव, एवढ्या तीन गोष्टींत माणूस पुरा झाला. यालाच आज आपण अर्कचित्र म्हणतो. हे काम सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले आहे.

हे चित्र निघाले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. आपल्यातले कितीतरी बांधव गवंडीकाम आणि रंगकाम करतात, त्यांना ते चटकन कळेल. टाकीचे घाव पडून खडबडीत राहिलेल्या दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा चढवला. वर चुन्याचा पातळ हात दिला. त्यावर तांबड्या रंगाने बाह्यरेषा काढली, मग रंग भरले आणि शेवटी गडद रेषेने आकार पुन्हा पक्के केले. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरा चुना. निळ्याची पूड मात्र अफगाणिस्तानकडच्या मौल्यवान दगडाची. रंग धरून राहावा म्हणून डिंकासारखा चिकट पदार्थ घातला. त्या शेवटच्या गडद रेषेकडे नीट पाहावे. कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक. हसू येते ते त्या रेषेमुळे.

मान वर केली की छतावर निराळीच गंमत. कापडी चांदव्याप्रमाणे चौकटी आखल्या आहेत आणि त्यांत कमळे, फळे, हंस आणि ढेरपोटे बुटके भरले आहेत. साध्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सात-साडेसात पट भरते. बुटक्याची तीन-चार पटच ठेवली की डोके मोठे, पाय आखूड आणि चेहरा आपोआप मिश्किल. आजचे पुस्तकांतले चित्रकारही हीच युक्ती वापरतात. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर तर चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे! कोणत्याही हरणाकडून पाहा, डोके त्याचेच वाटते. हा शिल्पी मोठा खट्याळ असला पाहिजे.

मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून पुढे काही वर्षे आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यात या चित्रांच्या नकला काढत होते. पुढे याच शाळेने म्हैसूरच्या एका तरुणाला, पुरेसे अंग नाही म्हणून, प्रवेश नाकारला. तो तरुण म्हणजे आर. के. लक्ष्मण. लहानपणी शाळेत त्यांनी पिंपळाचे पान काढले, गुरुजींनी ते नावाजले, आणि आपण चित्रकार आहोत हे त्यांच्या मनाने घेतले. खिडकीतून दिसणारे कावळे ते तासन् तास न्याहाळत. त्यांचा चौकड्यांच्या कोटातला, धोतरातला सामान्य माणूस एका दिवसात जन्मला नाही. आरंभी ते चित्रात निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांची गर्दी काढत. छपाईची वेळ गाठायची, म्हणून माणसे कमी करीत गेले आणि शेवटी एकच उरला. तो सारे पाहतो, बोलत काही नाही. १९५४ साली त्यांनीच रंगाच्या कंपनीसाठी गट्टू काढला. डोळ्यांवर केसांची झुलपे, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेले ते पोर अनेक घरांत नंतर त्याच डब्यावरून आले आणि रिकाम्या डब्याबरोबर पाणी भरायच्या कामाला लागले.

हसवावे, पण कोणाला हसावे? आपल्या समाजाने हा प्रश्न चांगलाच सोसला आहे. १९४९ साली शंकर यांनी संविधानाला गोगलगाय करून तिच्यावर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू दाखवले होते. ते चित्र पुढे अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि २०१२ साली संसदेत त्यावरून वादळ उठले. राग रेषेवर नव्हता. चाबूक कोणाच्या हाती आणि कोण बसले आहे पुढे, यावर होता. अजिंठ्याच्या चित्रकाराने दासीची खिल्ली उडवली नाही, रडणाऱ्या लेकरांचीही नाही. वाकडे तोंड त्याने घेणाऱ्याला दिले.

घरी मुलांना हे करून पाहता येईल. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दुकानदार, कंडक्टर, शेजारचे काका असे कोणीही एकाच प्राण्याशी जुळवून काढायला सांगा. कोंबडा चालेल, म्हैस चालेल. आधी दहा रेषा, मग खोडून पाच, मग तीन. ओळख उरली तर जमले. पोरीला हात बरा असेल तर शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला अवश्य बसवा. फी फार नसते.

आणि एका रविवारी पोरांना घेऊन एस. टी.ने अजिंठ्याला जा. वही-पेन्सिल बरोबर असू द्या, चित्रांवर फ्लॅश मारता येत नाही. आत उजेड मंद असतो, डोळे सरावायला पाच मिनिटे द्यावी लागतात, मग जूजक दिसतो. सोमवारी लेणी बंद असतात.