आकडा पळतो, दोष वायरिंगचा

अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीसारख्या वसाहतीतल्या लहान वर्कशॉपने जुन्या लेथ-मिलिंगवर डिजिटल रीडआउट बसवणे शहाणपणाचेच. हँडलवरची डायल स्क्रू किती फिरला एवढेच सांगते. आटे झिजले की टेबल तेवढे सरकतेच असे नाही. रीडआउटची काचेची स्केल थेट टेबलाची हालचाल मोजते, आणि सर्रास मिळणाऱ्या स्केलवर 5 मायक्रॉनचा फरकही दिसतो. ‘आमच्या कारागिराचा हात पुरेसा आहे’ हा आक्षेप खोटा नाही. पण त्या हाताचे निम्मे कसब झिजेचा हिशेब ठेवण्यातच खर्ची पडते.

मात्र स्केल लावली की काम संपले, हे पटण्यासारखे नाही. स्केलवरून सरकणाऱ्या रीडिंग हेडमधून बहुधा 5 व्होल्टचे, पाव आवर्तनाच्या अंतराने दोन सिग्नल येतात; कोणता पुढे यावरून दिशा ठरते, स्पंद मोजून अंतर. हे सिग्नल नेणारी केबल मोटरच्या किंवा तिचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हच्या वायरींसोबत बांधली, शिल्डचे अर्थिंग कच्चे राहिले, की खोटे स्पंद मोजले जातात आणि टेबल स्थिर असताना आकडा पळतो. बोल मात्र स्केललाच! शिवाय 9 पिनांचे प्लग सारखे दिसले तरी आतली जोडणी कंपनीगणिक बदलते. वीज भलत्या पिनेवर गेली तर हेड जळू शकते. तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे सामान जोडताना आधी दोन्ही माहितीपत्रके ताडून पाहा, स्विच नंतर दाबा.