चालणारा खड्डा

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची मूठभर कोरडी रेती कागदावर पसरा आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. काळे कण टुणकन उडून त्याला चिकटतात. हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे खनिज. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणात ते अडकलेले होते. सह्याद्री पावसाने झिजला आणि वैतरणेने ते कण इथवर आणून टाकले. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात निघालेली ही नदी पिंजाळ, सूर्या, तानसा यांना पोटात घेत विरारच्या उत्तरेला, अर्नाळा आणि दातिवऱ्याच्या मध्ये समुद्राला मिळते.

वाटेत ती एक अचाट काम करते, निवडण्याचे. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा रेतीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला मिनिटसुद्धा घेत नाही. चिकणमातीच्या बारीक कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवस लागू शकतात. म्हणून रेती मुख्य पात्राच्या तळाशी बसते आणि माती तरंगत पुढे जाते. पण खाऱ्या पाण्याची गाठ पडली की मातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि भराभर खाली बसतात. खाडीकाठचा गुडघाभर चिखल, त्यातली तिवरं आणि निवट्या ही या रसायनाची देणगी.

या तळावर आता सक्शन पंप चालतात. पूर्वी डुबी मारून, बादलीने रेती काढली जाई. माणसाच्या श्वासाला मर्यादा होती, म्हणून उपशालाही होती. पंपाला श्वास लागत नाही.

‘दर पावसाळ्यात नवी रेती येतेच की,’ असे उपशाचे समर्थक म्हणतात. ती येते कुठून, ते पाहू. तानसा धरण 1892 चे, मोडकसागर 1957 चे, अप्पर वैतरणा 1973 चे, मध्य वैतरणा 2014 चे. मुंबईची तहान भागवणाऱ्या या भिंतींमागे पाण्याबरोबर रेतीही अडते. पाणी जलवाहिनीतून मुंबईला जाते, रेती तिथेच राहते. पीक घटले आणि कणगीतून काढणे मात्र दुप्पट झाले, तर कणगीचा तळ दिसणारच.

खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. नदीत खणलेला खड्डा जागेवर राहत नाही, तो चालतो. उथळ पात्रातून वाहणारे पाणी खड्ड्याच्या वरच्या काठावरून आत घसरते, तिथे त्याचा वेग वाढतो आणि तो काठ ढासळतो. अशी ही धूप प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेने सरकत जाते. दुसरीकडे, खड्ड्यात रेती टाकून हलके झालेले पाणी पुढे जाऊन खालचा तळ खरवडते. खाडीत तर पाण्याची दिशा दिवसातून चार वेळा बदलते, म्हणजे खड्डा दोन्हीकडे पसरतो. पंप एका जागी उभा असतो, नुकसान मात्र भलत्याच जागी पोहोचते.

विरार आणि सफाळे यांच्यामध्ये पश्चिम रेल्वेचे पूल क्रमांक 92 आणि 93 आहेत. मुंबईहून गुजरातकडे आणि दिल्लीकडे जाणारी पश्चिम रेल्वेची मुख्य लाइन यांच्यावरूनच जाते. पुलापासून 600 मीटरच्या आत उपसा करायला मनाई आहे, ती याच चालणाऱ्या खड्ड्यामुळे. पोर्तुगालने याची किंमत मोजली. 4 मार्च 2001 च्या रात्री डोरो नदीवरचा हिंत्झे रिबेरो पूल कोसळला आणि प्रवाशांनी भरलेल्या बससह 59 माणसे गेली. वर्षानुवर्षांच्या रेतीउपशाने खांबाच्या पायाखालचा तळ खचला होता, हे चौकशीत पुढे आले.

या दोन पुलांमधल्या बेटावर वाढीव आणि वैतीपाडा ही गावे आहेत. तिथे प्रश्न पुलाइतकाच बांधाचा आहे. पात्र खोल गेले की काठ उभा होतो, मग खचतो, आणि बांध फुटला की भरती भातशेतीत शिरते. जमिनीच्या पोटातला हिशेब आणखी नाजूक. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असले, तर त्याच्या भाराने खाली सुमारे 40 मीटरपर्यंत खारे पाणी दाबून धरलेले असते. वसईच्या पूर्वजांनी बावखले खणून पावसाचे पाणी मुरवले, त्याने हेच साधले. खोल पात्र ओहोटीला काठचे गोडे पाणी जास्त ओढून घेते. वरचे एक मीटर गेले, की खालच्या 40 मीटरांवरचा ताबा जातो.

‘पण बोटींना खोली नको का?’ हा प्रश्न रास्त आहे. 2025 मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडच्या खारवाडेश्रीपर्यंत रो-रो सेवा सुरू झाली. जेट्टीपुरता गाळ काढावाच लागेल. मात्र अख्खी खाडी खोल केली, तर भरती अधिक आत शिरते आणि येताना चिखल घेऊन येते. जर्मनीतील एम्स नदी पापेनबुर्गच्या गोदीतली मोठी जहाजे बाहेर काढण्यासाठी पुनःपुन्हा खोल केली गेली. आता उन्हाळ्यात तिच्या वरच्या भागातले पाणी चिखलाने दाटते, माशांना प्राणवायू पुरत नाही आणि गाळ काढणे थांबवताही येत नाही.

आता पैशाचे बोलू. 100 मीटर लांब, 50 मीटर रुंद, 3 मीटर खोल खड्डा म्हणजे 15,000 घनमीटर, साधारण 5,300 ब्रास. 2023 च्या धोरणात सरकारने ब्रासला 600 रुपये दर ठेवला होता. त्या हिशेबाने अशा खड्ड्याचे 32 लाखांहूनही कमी होतात. पुलाच्या पायाची डागडुजी, फुटलेले बांध, खाऱ्या झालेल्या विहिरी आणि कोळ्यांची गेलेली मासळी या 32 लाखांत बसत नाहीत. तो खर्च रेल्वे, शेतकरी आणि कोळी यांच्या नावावर पडतो, विकणाऱ्याच्या नाही.

पाच हेक्टरहून लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात सांगितले. तरीही मंजुरीचा कागद म्हणजे तळ नव्हे. म्हणून विरारच्या, सफाळ्याच्या आणि खाडीकाठच्या प्रत्येक गावच्या नागरिकांनी ग्रामसभेत आणि जनसुनावणीत एकच मागणी लावून धरावी: पावसाळ्याआधी आणि नंतर तळाची खोली मोजा, ती जाहीर करा, आणि रेती खरोखर भरून आल्याचे दिसेपर्यंत वैतरणेच्या खाडीत एकही यांत्रिक पंप नको.