एकाच छपराखालचीं आठ वयें

मूल वाढतें म्हणजे काय होतें असें कोणी विचारलें, तर आपण उंची, वजन आणि शाळेंतील इयत्ता सांगतों; ही वाढ केव्हां थांबते असें विचारलें, तर विशीकडे बोट दाखवितों. शरीरापुरतें हें उत्तर ठीक आहे. मनाची वाढ मात्र पाळण्यांत सुरू होऊन वार्धक्यापर्यंत चालूं राहते, असा सिद्धांत एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनीं मांडला. घरांतील नित्याच्या व्यवहाराशीं त्याचा काय संबंध आहे, तें आज पाहूं.

एरिक्सन यांचा जन्म १९०२ सालीं जर्मनींत झाला. जन्मदाता पिता कोण, हें त्यांना कधींच कळलें नाहीं. शाळा संपल्यावर विश्वविद्यालयांत न जातां चित्रें काढीत ते कांहीं वर्षें युरोपांत भटकले. १९२७ सालीं व्हिएन्ना येथें त्यांना शिक्षकाचें काम मिळालें आणि तेथेंच अ‍ॅना फ्रॉइड यांच्याजवळ ते मनोविश्लेषण शिकले. १९३३ मध्यें ते अमेरिकेस गेले. १९५० सालीं निघालेल्या 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या ग्रंथांत त्यांनीं आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्या. या विचारांत त्यांच्या पत्नी जोन यांचाही मोठा वाटा होता.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, प्रत्येक वयांत माणसापुढें एक पेंच उभा राहतो आणि तो सुटला म्हणजे मनाला एक नवें बळ मिळतें. पहिल्या वर्षांतला पेंच विश्वास कीं अविश्वास हा. भूक लागली कीं दूध मिळतें, रडलें कीं कोणी उचलून घेतें, एवढ्यावरून जग भरंवशाचें आहे कीं नाहीं हें तान्हें मूल ठरवितें. येथून आशा उपजते. दोन-तीन वर्षांचें मूल 'माझें मी करीन' असा हट्ट धरतें. त्याला सदा हंसलें वा रागें भरलें तर लज्जा व संशय बळावतात. थोडी मोकळीक दिली तर इच्छाशक्ति येते. चार-पांच वर्षांचें मूल खेळांत नवनवे बेत रचतें. ते सारेच वाईट ठरविले तर अपराधीपणा घर करतो. एरवीं हेतु धरून वागण्याचें धैर्य येतें. शाळेच्या वयांत उद्योगाची हौस आणि न्यूनगंड यांची ओढाताण असते, आणि तींतून कर्तबगारी येते. तारुण्याच्या उंबरठ्यावर 'मी कोण?' हा प्रश्न येतो. तो सुटला तर निष्ठा येते, न सुटला तर गोंधळ उरतो. त्यापुढें जवळीक कीं एकाकीपणा, आणि त्यांतून प्रेम. मध्यम वयांत पुढील पिढीची जोपासना कीं साचलेपणा, आणि त्यांतून आस्था. शेवटीं कृतार्थता कीं निराशा, आणि त्यांतून शहाणपण.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. या कांहीं परीक्षा नव्हेत, कीं एकींत नापास झालेल्यानें पुढें जाऊंच नये. थोडा अविश्वासही हवाच. कोणाही अनोळखी माणसाबरोबर निमूटपणें चालूं लागणारें मूल सुखरूप कसें राहील? पारडें कोणत्या बाजूला झुकतें, एवढाच प्रश्न असतो. शिवाय जुना पेंच पुढें नव्या रूपानें परत येतो आणि सुधारण्याची संधि देतो.

आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. या अवस्था एका माणसाच्या आयुष्यांत एकामागून एक येतात. घरांत मात्र त्या एकाच वेळीं नांदत असतात आणि दांत्यांच्या चाकांप्रमाणें एकमेकींत गुंतलेल्या असतात. सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, 'मला तुमच्यासारखें इंजिनियर व्हावयाचें नाहीं.' वडील पन्नाशीचे. आपण उभारलेलें कोणी पुढें न्यावें, ही त्यांची भूकही खरीच असते. कोपऱ्यांतल्या खुर्चीवर आजोबा गेल्या आयुष्याचा हिशेब मांडीत असतात. वडिलांना मुलगा उर्मट वाटतो, मुलाला वडील हेकट वाटतात. वस्तुतः दोघेही आपापल्या वयाचें काम करीत असतात. जोपासना म्हणजे आपली प्रतिकृति काढणें नव्हे, हें वडिलांनीं ओळखलें तर दोघांचेही पेंच सुटूं लागतात.

मग मुलाला द्यावें काय? एरिक्सन यांचें उत्तर आहे, अवधि. कायमचा निर्णय करण्यापूर्वीं तरुणाला चांचपून पाहण्याची, मार्ग बदलण्याची मुभा असावी. त्यांच्या स्वतःच्या भटकंतीचीं वर्षें आठवलीं म्हणजे या मताचें मूळ ध्यानांत येतें. पदवी नसलेले हे गृहस्थ १९६० सालीं हार्वर्ड येथें प्राध्यापक झाले. एका परीक्षेच्या गुणांवर मुलाचें सारें आयुष्य टांगून ठेवणाऱ्या घरांनीं याचा विचार करावा.

मध्यम वयाचें मोठें उदाहरण त्यांना भारतांत सांपडलें. १९६२ सालीं मानवी जीवनक्रमावरील चर्चासत्रासाठीं ते अहमदाबादेस आले, आणि तेथील गिरणी-कामगारांच्या १९१८ सालच्या संपानें त्यांचें लक्ष वेधलें. त्या वेळीं ४८ वर्षांच्या असलेल्या गांधीजींनीं हजारों कामगारांची जबाबदारी आपली मानली होती. त्यावर १९६९ सालीं त्यांनीं 'गांधीज् ट्रुथ' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु जगाची चिंता वाहणारे गांधीजी घरच्यांशीं कठोर वागले, हेंही त्यांनीं त्यांत स्पष्टपणें लिहिलें.

आपल्या चार आश्रमांची आठवण येथें होणारच. फरक इतकाच, कीं एरिक्सन यांच्या आठपैकीं चार अवस्था बाराव्या वर्षाच्या सुमारासच संपतात. पाळण्यांतल्या मुलालाही आयुष्याचें काम असतें, हें त्यांनीं दाखविलें.

हा सिद्धांत निर्दोष आहे असें नव्हे. त्यांत पुरुषाचें जीवन हेंच माप धरलें आहे, असा आक्षेप १९८२ सालीं कॅरोल गिलिगन यांनीं घेतला. एरिक्सन १९९४ सालीं वारले. पुढें १९९७ सालीं जोन यांनीं अतिवृद्धांसाठीं नववी अवस्था जोडली. अवस्थांचीं वयेंही सर्वत्र सारखीं नसतात.

तरीही घरांत वाद पेटला म्हणजे या विचाराचा उपयोग होतो. चूक कोणाची, हें ठरविण्यापूर्वीं प्रत्येकाच्या वयानें त्याच्यापुढें कोणता पेंच टाकला आहे तें पाहावें. निवृत्त आजोबांना रोज दोन तास नातवाचा अभ्यास घेऊं दिला, तर आजोबांचा दिवस सार्थकीं लागतो आणि नातवाला कोणी तरी भरंवशाचें मिळतें. अशी सोय बहुतेक घरांत आजच करतां येण्यासारखी आहे.