जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि मध्ये समुद्र!

बाईक घेऊन परदेशात जायचं स्वप्न तर सगळेच बघतात. पण गाडी बोटीत चढली की तुमची पॉलिसी धक्क्यावरच उभी राहते, हे किती जणांना माहीत असतं?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ऐकत आपण मोठे झालो. मग पुण्यात नोकरी लागली, पहिल्या बोनसमधून बाईक आली, नंबरप्लेट मात्र हट्टाने एमएच-२२ ठेवली. आता समजा, एखाद्या वीकेंडला डोक्यात किडा वळवळला की ही परभणीची प्लेट खरोखरच्या जर्मनीत नेऊन फोटो काढायचा. मित्र म्हणतात, ‘सही यार!’ घरी फोन केला की आई मात्र एकच प्रश्न विचारणार, ‘अरे, गाडी बोटीत घातली अन् बोटच बुडाली तर पैसे कोण देणार?’

हसू नका. अख्ख्या प्लॅनमधला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच आहे.

जग पाहायची हौस परभणीला नवीन नाही. याच जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके २०१६मध्ये जगप्रवासाला निघाले आणि २०१९मध्ये परतले. पण त्यांच्यासोबत स्वतःची गाडी नव्हती. गाडी सोबत असली की पासपोर्ट दोन लागतात, एक तुमचा आणि एक तिचा.

गाडीचाही पासपोर्ट

गाडीच्या पासपोर्टला ‘कार्ने’ म्हणतात. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून तो मिळतो आणि वर्षभर चालतो. अर्थ साधा आहे. ‘ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेईन,’ अशी ती हमी. त्यासाठी डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते आणि काही देशांसाठी ती रक्कम गाडीच्या किमतीच्याही वर जाते. देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. दुसरा शिक्का राहिला तर ‘गाडी इथेच विकली’ असं समजून कस्टम्स ड्युटी मागू शकतं. नेपाळ-भूतानला आपल्या गाडीसाठी कार्ने लागत नाही. युरोपियन युनियनमध्येही पर्यटकाची गाडी सहसा सहा महिन्यांपर्यंत त्याशिवाय चालते. पण वाटेतल्या इराणसारख्या देशात तो लागतोच.

तुमच्यासाठी लागतं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते परभणीच्या आरटीओतही निघतं आणि त्याचीही मुदत एक वर्षच.

आता मुद्द्याचं बोलू

तुमची ती झिरो-डेपवाली ‘फुल इन्शुरन्स’ पॉलिसी फक्त भारतात चालते. एजंटला सांगून, जादा प्रीमियम भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या सहा देशांपुरती वाढवता येते. बस्स. आणि त्याच कलमात एक ओळ असते, जी कुणीच वाचत नाही: गाडी त्या देशात नेताना समुद्रात किंवा विमानात जे नुकसान होईल, ते या पॉलिसीत धरलं जाणार नाही. म्हणजे श्रीलंकेच्या रस्त्यावर तुम्ही कव्हर्ड, पण तिथवर पोहोचायच्या पाण्यात नाही!

शिवाय गाडी घेऊन चढावं अशी फेरीबोट आपल्याकडून परदेशात जातच नाही. २०२३मध्ये नागपट्टणमहून श्रीलंकेला सुरू झालेली बोटसुद्धा प्रवाशांचीच. त्यामुळे बाईक जाते ती माल म्हणून. टाकी रिकामी, बॅटरी सोडवलेली, लाकडी खोक्यात बंद आणि न्हावा-शेवाहून कंटेनरमध्ये. मालाला लागतो मरीन इन्शुरन्स. त्यात ए, बी आणि सी असे तीन प्रकार असतात. ‘सी’ सगळ्यात स्वस्त, पण बोट बुडणं, आग, टक्कर अशा मोठ्या संकटांपुरताच. चढवता-उतरवताना खोकं पडलं, चोरी झाली, तर त्यात काही मिळत नाही. आपल्याला हवा तो ‘ए’.

आणि बॉस, बोट बुडावीच लागते असंही नाही. २०२१मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ अडकली, आठवतंय? ती सोडवल्यावर मालकांनी ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केलं. म्हणजे बोट वाचवायचा खर्च बोटीवरच्या सगळ्या मालवाल्यांनी वाटून भरायचा. तुमच्या खोक्याला ओरखडाही नसला तरी! विमा असेल तर कंपनी हमी देते. नसेल तर आधी पैसे भरा, मग गाडी न्या.

पलीकडे उतरल्यावर

युरोपात एका देशाचा विमा दुसऱ्या देशात चालावा म्हणून ‘ग्रीन कार्ड’ पद्धत आहे. भारत तिच्यात नाही. त्यामुळे तिथला थर्ड पार्टी विमा सीमेवर किंवा आधी एजंटकडून विकत घ्यावा लागतो. तो समोरच्याचं नुकसान भरतो, तुमचं नाही. युरोपातल्या फेरीबोटीवर बाईक पट्ट्यांनी बांधतात आणि तुम्हाला वरच्या मजल्यावर पाठवतात. वादळात ती आडवी झाली तर बोट कंपनीची जबाबदारी ठराविक रकमेपुरतीच.

चोरीचं म्हणाल, तर मुंबईचा बाइकर योगेश आळेकरी आठवा. सतरा देश पार करून तो ब्रिटनमध्ये पोहोचला आणि ऑगस्ट २०२५मध्ये नॉटिंगहॅमच्या एका पार्कबाहेरून त्याची बाईक सामान आणि पासपोर्टसकट गेली. लोकांनी मदतीचा हात दिला, दुसरी बाईकही मिळाली. पण प्रत्येकाची बातमी होत नाही. म्हणून चोरीचा वेगळा विमा विचारा आणि तसं काही घडलंच तर आधी पोलिस रिपोर्ट घ्या. क्लेमला तो लागतो आणि कार्ने असेल तर कस्टम्सलाही.

निघण्यापूर्वी हे कराच

• पॉलिसी वाचा, विशेषतः ‘काय धरलेलं नाही’ हे पान.
• मरीन विमा घरापासून घरापर्यंतचा मागा, बंदरापासून बंदरापर्यंतचा नको.
• खोकं बंद होण्याआधी बाईकचे चारही बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरसकट.
• कागदांच्या कॉप्या मेलवर ठेवा, एक सेट घरी.
• रिहर्सल करायचीय? मुंबईहून मांडव्याला २०२०पासून रो-रो बोट जाते. बाईक चढवा, बांधा, उतरवा.

आणि मग आईला फोन करा. ‘पैसे कोण देणार?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून पॉलिसीचा नंबर सांगता आला, तर तुम्ही निघायला तयार आहात.